तांबड्या ठिपक्याचा वसा

ही कहाणी घरात पुरुषमाणसं असताना वाचायची नाही, असं मावशीनं मला बजावलं होतं. बाहेर काका पेपर वाचत बसले आहेत. तरी वाचते. हळू वाचते, जवळ सरकून ऐका. हातात अक्षता घ्या, कहाणी मनी धरा.

ऐका ठिपकाबाई, तुमची कहाणी. भरलं-पुरलं नगर होतं. नगराला सात पेठा, पेठेपेठेला घंटागाडी. तिथं एक घर होतं. घरात सासूबाई, सासरे, तीन लेक, तीन सुना. सासूबाई मोठ्या शिस्तीच्या. दाराशी दोन डबे, एक हिरवा, एक निळा. ओलं हिरव्यात, सुकं निळ्यात. शेंगेचं टरफल कुणी चुकीच्या डब्यात टाकलं, तर हात घालून काढायला लावीत.

पण घरात एक तिसरा कचरा होई. त्याचं नाव कुणी घेत नसे. मी एकदा घेते. महिन्याच्या चार दिवसांतली पॅड. सुनांनी ती काळ्या पिशवीत घालावीत, काळी पिशवी मिठाईच्या पिशवीत घालावी, वर सात गाठी माराव्यात, आणि कुणी बघत नाहीसं पाहून ते पुडकं निळ्या डब्याच्या तळाशी दडवावं.

धाकटी सून वेणू. तोंडानं अबोल, मनानं चौकस. तिनं सासूबाईंना विचारलं, "हे पुडकं कुठं जातं?"

"डब्यात."

"डब्यातून कुठं?"

"गाडीत."

"गाडीतून कुठं?"

"तुझ्या माहेरी. जा, भाजी चिर."

मग काय झालं? वेणूला चैन पडेना. पोळी लाटताना तेच, पाणी भरताना तेच. एके दिवशी भाजी आणते म्हणाली नि गाडीमागं निघाली. पहिली पेठ गेली, दुसरी गेली, तिसरी गेली. गाडी एका पत्र्याच्या शेडपाशी थांबली. कचरा ओतला. तिथं बायका निवडत बसल्या होत्या. काच एकीकडे, पुठ्ठा एकीकडे, बाटल्या एकीकडे. त्यांत एक सगुणाबाई. तिच्या उजव्या हाताच्या बोटाला चिंधी. तिनं ढिगातून एक पुडकं उचललं. वेणूनं ओळखलं. पिशवीवर तिच्या माहेरच्या मिठाईवाल्याचं नाव होतं.

सगुणाबाईनं पुडकं तळहातावर तोललं. पहिली गाठ सोडली, दुसरी सोडली, तिसरी दातांनी ओढली. वेणूचे ओठ हलले, शब्द फुटला नाही. सातवी गाठ सुटली. सगुणाबाईनं आत पाहिलं, पुडकं बाजूला सारलं, हात गोणपाटाला पुसला नि पुढचं उचललं.

मग वेणूनं विचारलं, "मावशी, एवढ्या गाठी कशाला सोडता?"

"बाई, सैल पिशवीत सालं असतात. सात गाठींचं म्हणजे कुणी जपून बांधलेलं. वाटतं, तांब्याची तार असेल, पितळी नळ असेल. निघतं हे."

"हातमोजे नाहीत?"

"आहेत की. मोज्यानं गाठ सुटते होय?"

"आणि बोटाला काय झालं?"

"असल्याच पुडक्यात ब्लेड होतं. बोट पिकलं. डॉक्टर म्हणतात, पुन्हा घाण लागली तर पेर कापावं लागेल. कापलं की माझं निवडणं संपलं."

वेणू खाली बसली. म्हणाली, "मग मी काय करू?"

"एक वसा आहे. पण तुम्ही घरंदाज बायका. लाजाल, टाकाल."

"लाजेन, पण टाकणार नाही."

"तर ऐक. जुना पेपर घ्यावा, घट्ट पुडी करावी. पिशवी नको, गाठ नको. वर तांबडा ठिपका द्यावा, टिकलीएवढा नको, बांगडीएवढा. गाडीवर वेगळी द्यावी. ठिपका दिसला की मी उघडत नाही. चिमट्यानं उचलते, जाळायच्या भट्टीच्या गोणीत टाकते."

"उजवायचा कधी?"

"हा उजवत नाही, बाई. पुढच्या सुनेला द्यायचा."

मग वेणूचे दिवस आले. पहिल्या दिवशी कुंकवाचा ठिपका दिला. तो गाडी येईतो पुसला. पुडी मागं ठेवली. दुसऱ्या दिवशी टिकली लावली. ती गळून पडली. तिसऱ्या दिवशी सगळ्याची एक पुडी केली, नखाला लावायचा रंग घेतला नि बांगडीएवढा ठिपका दिला. तो वाळला, बसला.

सासूबाईंनी पाहिलं. म्हणाल्या, "घरात काय चाललंय ते गाडीवाल्याला वाचून दाखवतेस?"

वेणू कणीक मळायला आत गेली. सासूबाईंनी पुडी काळ्या पिशवीत घातली, वर दुसरी चढवली, सात गाठी मारल्या. आपल्या मनची एक आठवी मारली. गाडी आली, गाडी गेली.

वेणू बाहेर आली. "पुडी कुठं?"

"तुझ्या माहेरी."

मग वेणू धावली. पिठाचे हात तसेच, पायात चप्पल नाही. मागून सासूबाई, "अगं, लोक बघतात." पहिली पेठ, दुसरी पेठ, तिसरी पेठ.

शेडमध्ये गाडीवाले चहा पीत उभे होते. भंगारवाला काटा लावत होता. सगुणाबाईच्या मांडीवर पुडकं, पाच गाठी सुटलेल्या, चिंधीचं बोट सहाव्या गाठीत. वेणूच्या घशात शब्द अडकला. एकदा अडकला, दोनदा अडकला. तिसऱ्यांदा ती सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "ते माझं पॅड आहे. उघडू नका."

सगुणाबाईनं पुडकं खाली ठेवलं. "बरं, बाई," म्हणाली.

सासूबाई दारात धापा टाकत होत्या. त्यांनी आपली आठवी गाठ पाहिली. मग ते बोट पाहिलं. जवळ गेल्या. म्हणाल्या, "दाखव बघू." सगुणाबाईनं चिंधी सोडली. सासूबाई बघत राहिल्या.

"मी बांधत होते, ते तू सोडत होतीस?"

"कुणी बांधलंय ते मला काय ठाऊक? मी आपली सोडते."

दुसऱ्या दिवशी सासूबाईंनी थोरलीला हाक मारली, मधलीला मारली, दोघींना वेणूशेजारी बसवलं. रंगाची बाटली स्वतः धरली. सासऱ्यांनी विचारलं, "हे तांबडं काय?" त्या म्हणाल्या, "घरात तीन सुना आहेत, त्यांचं आहे." सासरे म्हणाले, "बरं."

मग शेजारणीनं पाहिलं, तिनं वसा घेतला. तिच्या जावेनं घेतला. आळीनं घेतला. सगुणाबाईचं बोट सुकलं, नवं नख आलं. ती अजून निवडते.

जसं तिचं बोट वाचलं, तशी तुमच्या गावच्या निवडणाऱ्या बायांची वाचोत. जशी वेणूला वाचा फुटली, तशी तुम्हां-आम्हां फुटो. ही आठ गाठींची कहाणी एका ठिपक्यापाशी सुफळ सं... आले गं आई, हाक ऐकली, एवढं एक वाक्य वाचून...