गोल घुमटीच्या चार बाजू

हिमालयातल्या एका उंच डोंगरावर एक साळू राहत असे, आणि मुलांनो, ती सदान्‌कदा वैतागलेली असे. साळू म्हणजे अंगभर काळेपांढरे काटे असलेला, जमीन उकरून राहणारा प्राणी, हे तुम्हाला ठाऊक असेलच. वैताग आला की तिचे काटे ताठ उभे राहत. तिचा स्वभाव मुळात वाईट नव्हता. पण जिला शेजारी असे लाभले, तिने वैतागू नये तर काय करावे?

हिवाळा आला की त्या डोंगरावरचे प्राणी भूर्जाच्या झाडाच्या सालीच्या लांब पट्ट्या पायांना बांधत आणि शिखरावरून सुसाट घसरत खाली येत. अर्ध्या उतारावर त्यांनी बर्फाच्या विटा रचून एक गोल घुमटी बांधली होती. चित्रातले इग्लू तुम्ही पाहिले असेल, अगदी तसेच. तिथे थांबायचे, पट्ट्या सोडायच्या, एकमेकांच्या उबेला बसायचे आणि आज कोण कसा आपटला यावर पोट धरून हसायचे. घुमटीला सगळे कट्टाच म्हणत.

कट्टा बांधताना अस्वलाने डोंगराकडची भिंत रचली, कोल्ह्याने डावीकडची आणि सशाने उजवीकडची. दरीकडे दार होते. तिथे कावळ्याने एक वीटही उचलली नव्हती, नुसत्या सूचना दिल्या होत्या. पण ती बाजू आपली असे त्याने जाहीर करून टाकले. तेव्हापासून 'माझी बाजू' हा शब्द कट्ट्यावर भलताच बोकाळला. माझ्या बाजूला शिंकू नका, माझ्या बाजूला पट्ट्या झटकू नका, माझ्या बाजूला टेकू नका. घर गोल, त्याला बाजू कुठून आली, हे साळूने दोनदा विचारून पाहिले. पालथ्या घड्यावर पाणी.

छताच्या मधोमध हवा येण्यासाठी एक भोक होते. ते कोणाच्याच बाजूला येत नव्हते, म्हणून त्यात साचलेला बर्फ काढण्याचे काम कोणाचेच नव्हते. ते अर्थातच साळू करी. त्या भोकाच्या बरोबर खाली एक म्हातारी रानशेळी बसत असे. तिचे गुडघे गेले होते, घसरणे कधीच सुटले होते. पण पोरांच्या गप्पा ऐकायला ती येई आणि थंडी फार वाढली की कट्ट्यातच मुक्काम करी. सगळे तिला आजी म्हणत. आजीवर सगळ्यांचा जीव होता, हे मात्र खरे सांगायला हवे.

एका वर्षी बर्फ पडू लागला तो थांबेचना. अखेर उघडीप झाली तेव्हा साळू बिळाचे तोंड उकरून बाहेर आली आणि पाहते तो काय, कट्टा गायब. सगळा उतार एकसारखा पांढरा. कट्ट्याला लागून असलेल्या भूर्जाचा शेंडा तेवढा वर आलेला दिसत होता. साळू धापा टाकत तिथवर गेली आणि तिने बर्फाला कान लावला. खालून आवाज आला, ठक्. थोड्या वेळाने पुन्हा ठक्. आजी आत खूर आपटत होती.

साळूने हाका मारमारून सगळ्यांना गोळा केले. अस्वल डोळे चोळत आले, कोल्हा शेपटी झटकत आला, ससा तीन उड्यांत हजर झाला. कावळा शिखरावरून फेरी मारून आला आणि म्हणाला, "पलीकडे आभाळ काळंकुट्ट झालंय. दिवस मावळायच्या आत वादळ येणार. आज आजीला बाहेर काढलं नाही, तर हा शेंडासुद्धा दिसायचा नाही."

"मग बोलत काय बसलात?" साळू म्हणाली. "उकरा. आणि उकरलेला बर्फ इथंच टाकू नका, तो खाली दरीत गेला पाहिजे. मी खालच्या अंगाला चर काढते. तुम्ही नुसता ढकला, तो घसरत जाईल."

सगळ्यांनी माना डोलावल्या. साळूला बरे वाटले. चला, निदान संकटाच्या वेळी तरी शहाणपण सुचले, असे मनाशी म्हणत ती खाली उतरली आणि चर उकरू लागली. मुलांनो, साळू हुशार होती, पण इथे ती चुकली. डोलणारी मान आणि पटलेली गोष्ट यांत फार अंतर असते.

ती खाली जाताच अस्वलाने शेंड्यापासून पावले टाकून आपली बाजू शोधली आणि ती उकरायला सुरुवात केली. त्याच्या एकेका पंजाला ढीगभर बर्फ निघे. तो त्याने डावीकडे फेकला.

"अहो दादा, ही माझी बाजू आहे," कोल्हा म्हणाला आणि त्याने तो सगळा बर्फ मागच्या पायांनी उडवून पलीकडे सशाच्या बाजूला धाडला.

ससा नाकापर्यंत बुडाला. "मी लहान म्हणून माझ्यावर काय?" असे म्हणत त्याने तो ढकलत ढकलत पुन्हा अस्वलाच्या बाजूला नेला. अशा रीतीने एकच बर्फ गोल गोल फिरत राहिला. घामाघूम सगळे झाले, पण ढीग वीतभरही उतरला नाही.

"अरे, साळूताई चर काढते आहे ना? तिकडे टाका की," अखेर सशाला आठवले.

"तिकडे म्हणजे माझ्या बाजूवरून," कावळा पंख पसरून आडवा उभा राहिला. तो बिचारा दारावरचा बर्फ चोचीने टिपत होता. तेवढ्या वेळात त्याने बोराएवढा खड्डा केला होता. "माझ्या बाजूवरून कोणाचाही बर्फ जाणार नाही. आज बर्फ जाईल, उद्या तुम्ही वाट पाडाल, परवा म्हणाल दार आमचं."

"मग दारापाशी मी उकरतो. माझे पंजे मोठे आहेत," अस्वल म्हणाले.

"माझ्या बाजूचं दार मीच उघडणार," कावळा म्हणाला आणि पुन्हा टिपू लागला.

यावर अशी जुंपली की विचारू नका. कोणाची वीट वाकडी होती, कोणी मागल्या वर्षी कोणाच्या बाजूला पाय पसरले, सगळे उकरून झाले. बर्फ तेवढा उकरायचा राहिला. आभाळाची कड काळी होत चालली होती आणि खाली आजी खूर आपटत होती. पण या गलक्यात तो आवाज ऐकणार कोण?

शेवटी कोल्ह्याने पंजा वर केला. कोल्हाच तो, तोड काढण्यात पटाईत. "भांडू नका," तो म्हणाला. "कोणाचा बर्फ कोणाच्याच बाजूला नको, एवढंच ना? मग सगळ्यांनी मधोमध टाकावा. मध्यावर कोणाचीच बाजू नाही. तक्रार करणार कोण?"

वा. सगळ्यांना ते इतके पटले की अस्वलाने कोल्ह्याची पाठ थोपटली. आणि मग मात्र काम असे झपाट्याने सुरू झाले की बघत राहावे. चारी बाजूंनी बर्फ मध्यावर पडू लागला. अस्वल टोपलीभर टाकी, कोल्हा सूपभर, ससा ओंजळभर, कावळा चोचभर. मध्यावर एक टेकाड उभे राहिले. प्रत्येकाला आपली बाजू मोकळी होताना दिसत होती आणि प्रत्येकजण मनातून खूश होता.

साळू चर पुरा करून वर आली. नखे दुखत होती, नाकाला बर्फ लागून ते बधिर झाले होते. चरातून बर्फ खाली का येत नाही, हे कोडे तिला कधीचे पडले होते. वर येऊन तिने ते टेकाड पाहिले आणि तिचे काटे ताडकन उभे राहिले.

"हे काय केलंत?"

"तोड काढली," कोल्हा अभिमानाने म्हणाला. "आता भांडण नाही."

साळूने बर्फाला कान लावला. बराच वेळ काहीच ऐकू आले नाही. मग अगदी मंद आवाज आला, ठक्. पुढचा ठक् येईपर्यंत तिचा जीव खालीवर झाला.

ती टेकाडावर चढली आणि मधोमध जाऊन बसली. अस्वलाने नेमका तेव्हाच पंजाभर बर्फ भिरकावला होता. तो सगळा तिच्या डोक्यावर पडला. तिने तो झटकलासुद्धा नाही.

"टाका दादा, आणखी टाका," ती म्हणाली. "थांबलात का? मध्यावर कोणाचीच बाजू नाही ना?"

"साळूताई, चुकून पडला. बाजूला हो बरं."

"नाही होत. आधी मला एक सांगा. आजी कोणाच्या बाजूला बसते?"

"माझ्या नाही," कावळा घाईघाईने म्हणाला.

"माझ्याही नाही," ससा म्हणाला. "आजी तर मधोमध बसते."

"मग इतका वेळ तुम्ही बर्फ कोणाच्या डोक्यावर टाकताय?" साळूचा आवाज चिरकला. "आणि खाली हवा जाते ती कुठून? तुमच्या बाजूंनी? एका तरी बाजूला भोक आहे का? जे एक भोक आहे ते मध्यावर आहे, आणि त्याच्यावर तुम्ही डोंगर रचलात. रोज सकाळी ते भोक मी मोकळं करते, तेव्हा तुम्ही मजेत आत श्वास घेता. कधी विचारलंत कोणी, हवा कोणाच्या बाजूने येते म्हणून? कंटाळले मी तुम्हाला. तुमच्या बाजूंना कंटाळले, तुमच्या विटांना कंटाळले. आजी आत गुदमरते आहे, आणि तुम्ही वर अंगण झाडताय."

कोल्हा आपल्या पंजांकडे पाहू लागला. अस्वलाने टेकाडावर एक नजर टाकली, मग खालच्या चराकडे, आणि त्याच्या तोंडून एकच शब्द निघाला, "अरेरे." पुढच्या क्षणी ते टेकाडावर चढले. त्याच्या दोन्ही पंजांनी असा काही सपाटा लावला की बर्फाचे लोटच्या लोट चराकडे जाऊ लागले. ते थेट कावळ्याच्या बाजूवरून जात होते. कावळ्याने चोच उघडली, मिटली आणि उडून तो चराच्या तोंडाशी अडकलेला बर्फ पंखांनी मोकळा करू लागला. कोल्हा आणि ससा खांद्याला खांदा लावून ढकलत होते. मघाशी जो बर्फ गोल गोल फिरत होता, तो आता घरंगळत दरीत जात होता.

छत दिसू लागले तसे साळूने सगळ्यांना मागे सारले. मोठ्या पंजाने छत कोसळले असते. तिने नखांनी अंदाज घेत भोक शोधले आणि त्यात घट्ट बसलेला बर्फ उकरू लागली. एकाएकी तिचा पाय आत गेला. भोकातून एक उबदार वाफ वर आली आणि पाठोपाठ शेळीचा तो ओळखीचा वास. तो वास काही फार चांगला नव्हता, पण सगळ्यांनी तो छाती भरून घेतला.

"आजी," ससा भोकाला तोंड लावून रडत म्हणाला, "आहेस ना गं?"

"आहे रे बाबा," खालून घोगरा आवाज आला. "पण वर इतका वेळ काय चाललं होतं? मला वाटलं, तुम्ही मला विसरूनच गेलात."

आजीला सांगणार तरी काय? मग अस्वलाने दारावरचा बर्फ उपसला. कावळ्याने त्याला अडवले नाही. आजी थरथरत होती, तिला बाहेर नेण्याची सोय नव्हती आणि वादळ तर शिखर ओलांडून आले होते. म्हणून सगळेच आत शिरले आणि आजीला मध्ये घेऊन बसले.

थोडी ऊब आली, आणि मुलांनो, तुम्हाला खोटे वाटेल, पण कोल्ह्याला कंठ फुटला. "तसं पाहिलं तर," तो म्हणाला, "छत पहिल्यांदा दिसलं ते माझ्या बाजूने."

"माझ्या," ससा म्हणाला.

साळूने डोळे गच्च मिटून घेतले. तिच्यात आता भांडायचेही त्राण उरले नव्हते. बाहेर वादळ घोंघावू लागले आणि छतातल्या भोकातून भुरभुरीत बर्फ आजीच्या कपाळावर पडला. उजेड कमी झाला. भोक पुन्हा बुजू लागले होते.

सगळ्यांनी सवयीने साळूकडे पाहिले. साळू हलली नाही. तिची नखे फुटली होती आणि पंजे रक्ताळले होते. हे तोवर कोणाच्या लक्षातही आले नव्हते.

तेव्हा आजी उठली. गेलेल्या गुडघ्यांवर कशीबशी उभी राहून तिने मान वर केली आणि आपले शिंग भोकात घालून ते मोकळे करू लागली. तिचे चारी पाय लटपटत होते.

ते पाहून अस्वल धडपडत उठले. "बसा आजी, बसा," असे म्हणत त्याने तिला अलगद खाली बसवले आणि आपला पंजा भोकात घातला.

"दादा, तुमच्यानंतर कोण?" सशाने विचारले. "ही भोकाची बाजू कोणाची धरायची?"

"माझी," कोल्हा म्हणाला.

"माझी," कावळा म्हणाला.

"नाही, माझी," ससा म्हणाला, आणि त्या कट्ट्यावर पुन्हा एकदा भांडण जुंपले. साळूने ते ऐकले, कूस बदलली आणि ती शांतपणे झोपी गेली.

तात्पर्य : जे सगळ्यांचे ते कोणाचेच नाही असे समजून जो त्यावर आपला बर्फ टाकतो, तो शेवटी आपल्याच माणसाचा श्वास कोंडतो. म्हणून 'माझे' म्हणायचेच असेल, तर ते सगळ्यांच्या जागेला म्हणावे.