खाज्याचं परीक्षण

हाणामारीच्या एका सिनेमाचा दुसरा भाग आला होता. संपादक तिरोडकरांनी कुणाचं तरी छापून आलेलं परीक्षण सुलभाबाईंपुढे टाकलं. "शब्द बदला आणि द्या. थिएटरात कशाला जायचं?"

दोन वर्षं हेच चाललं होतं. थिएटरातली शिट्टी ऐकायला बाईंचे कान आसुसले होते.

"आणि हो, मालवणला चाललाय ना? जत्रेतलं गोड खाजं आणा. आठ वर्षांत गावाकडची चव नाही हो," साहेब हळवे झाले.

सोमवारी मालवणहून परतलेल्या बाईंनी कागद पुढे केला.

"खाजं कुठंय?"

"बहिणीनं खाल्लं. चव तिनं लिहून दिली, मी शब्द बदलून आणलेत."

तिरोडकरांनी कागदाची घडी करून बाजूला ठेवली. मग हळूच म्हणाले, "सहाच्या खेळाला जा."

बाईंनी पर्समधली पुडी सोडली. आल्या-गुळाच्या वासानं साहेबांनी डोळे मिटले.