कोरडं फडकं

गाड्या आणि फडकी एकमेकांशी बोलत असत, त्या काळची ही गोष्ट. डोंगराखालच्या एका गावात तात्यांची काळी गाडी होती. तात्या आताशा कुठे जात नसत, पण रोज सकाळी कोरडं फडकं घेऊन तिच्यावरची धूळ गोल गोल पुसत. फडक्याला वाटे, हिच्यावर आपल्याइतकी माया कुणाचीच नसेल.

थंडी तोंडावर आली तेव्हा तात्यांनी पॉलिशवाल्या इस्माईलला बोलावलं. त्याने गाडी उन्हात घेतली, तर अंगभर कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक ओरखडे चमकले.

"तात्या, धुळीवरच कोरडं फडकं फिरवता ना? धुळीतली रेती रंगाला घासते. आधी पाणी मारायचं."

"अरे देवा! मला वाटत होतं, मी तिला जपतोय."

इस्माईलने ओरखडे घालवले, दवापासून रंग जपायला मेणाचा थर दिला आणि वर जाड कव्हर चढवलं. आता होळीपर्यंत पुसायची गरज नव्हती. तात्यांनी फडकं खिळ्याला अडकवलं.

"इतकी वर्षं मी तुला ओरबाडत होतं," ते हळूच म्हणालं. "बोलली का नाहीस?"

कव्हरखालून गाडी म्हणाली, "बोलले असते, तर तू आलं असतंस का? दिवसभरात मला दुसरं कोण हात लावत होतं?"

दुसऱ्या दिवशी सकाळी तात्या अंगणात आले. सवयीने त्यांचा हात खिळ्याकडे गेला, आणि कव्हर दिसताच रिकामाच मागे आला.