चित्रातले हात

फार जुनी गोष्ट आहे, इतकी जुनी की तेव्हा समुद्रावर धूर सोडणारी एकही बोट नव्हती. इटली नावाच्या दूरच्या देशात, समुद्राला लागून एक नगर होतं. लहानांनी ऐकावी म्हणून ही गोष्ट सांगतो आहे, पण मोठ्यांनी उठून जाऊ नये. ती जास्त करून त्यांचीच आहे.

त्या नगराचं आरमार मोठं होतं आणि आरमाराचा प्रमुख, म्हणजे सरखेल, त्याहून मोठा होता. निदान त्याला स्वतःला तसं वाटायचं. माणूस वाईट नव्हता हो! शूर होता, शब्दाचा पक्का होता. फक्त मान जरा ताठ होती, त्यामुळे खाली काय चाललंय ते त्याला दिसत नसे.

एकदा शत्रूची गलबतं नगरावर चालून आली. ऐन लढाईत वारा पडला आणि शिडं लोंबकळू लागली. सरखेल वर उभा राहून गरजला, "मारा वल्ही!" त्याबरोबर त्याचं गलबत पुढे झेपावलं, शत्रूच्या सगळ्यात मोठ्या गलबताला जाऊन भिडलं आणि दिवस मावळायच्या आत लढाई जिंकली. नगरात घंटा वाजल्या. जो तो सरखेलाचं नाव घेऊन नाचू लागला.

आता त्या नगराची एक रीत होती. जिंकून आलेल्या सरखेलाचं चित्र काढून ते सभागृहात लावायचं. चित्रावरचा पडदा दूर झाला की सरखेलाने नगराकडे एक मागणं मागायचं, आणि नगराने ते नाकारायचं नाही. आपल्या सरखेलाचं मागणं कधीच ठरलं होतं. आपल्यामागे आपल्या मुलाला सरखेल करावं, एवढंच त्याला हवं होतं.

चित्राचं काम एका म्हाताऱ्या चित्रकर्तीकडे आलं. हाताने अजून पक्की होती, आणि जिभेनेही.

"रोज सकाळी येऊन उभं राहावं लागेल," ती म्हणाली.

"रोज?" सरखेल हसला. "चेहऱ्यापुरता येतो मी. चिलखत काय, कुणाच्याही अंगावर चमकतं. माझ्या बांध्याचा एक वल्हेकरी पाठवून देतो, त्याच्या अंगावर चढवा."

तेव्हा अशी पद्धत होतीच. चेहरा धन्याचा आणि धड दुसऱ्याचं.

त्या काळी गलबत वल्हवायला शिक्षा झालेली माणसं असत. पायात बेडी, बेडीला साखळी, साखळी बाकाला. हा वल्हेकरी मुळात कोळी होता. नगराच्या राखीव खाडीत त्याने एकदा जाळं टाकलं, पकडला गेला आणि जन्मभर वल्हं ओढायची शिक्षा भोगत होता. घरी बायको आणि पाळण्यातली लेक राहिली होती.

त्याची बेडी काढली, अंगावर चिलखत चढवलं, दाराशी शिपाई बसला. म्हातारीने त्याच्या हातात सरखेलाचा दंड, म्हणजे अधिकाराची काठी, दिली.

"असा धर. हलू नकोस. पाठ भरून आली तर सांग."

त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. "आई, पाठ भरून आली तर सांग, असं कुणी म्हणालं त्याला किती वर्षं झाली!"

तो रोज आभार मानायचा. खिडकीतून येणाऱ्या उन्हाचे, म्हातारीने दिलेल्या ताज्या पावाचे, अगदी दारातल्या शिपायाने जांभई देताना तोंडावर हात धरला तर त्याचेही. शेवटी म्हातारी वैतागली.

"अरे, पुरे झाले आभार! तोंड हलतं तुझं."

"तोंड कुठे माझं काढताय, आई?"

म्हातारी खो खो हसली. मग जरा थांबून तिने विचारलं, "तुला काय हवंय रे?"

"लेकीला एकदा बघायचंय. आता चालायला लागली असेल." त्याने मनाशी वर्षं मोजली. "चालायला कसली, धावत असेल."

म्हातारीने ब्रश उचलला आणि हात रंगवायला घेतले.

पडदा उघडायचा दिवस आला. सभागृहात पाय ठेवायला जागा नव्हती. सरखेलाचा मुलगा नवे कपडे घालून पुढेच बसला होता. चित्र उचलून आणायला वल्हेकऱ्यालाच लावलं होतं, तो बेडी घालून दाराशी उभा होता.

पडदा सरला आणि लोक वा वा म्हणाले. काय ती नजर! काय तो रुबाब! चिलखतावर तर खरंच ऊन पडलंय असं वाटत होतं. मग कुणीतरी फिसकन हसलं.

दंड धरलेले हात राकट होते. बोटांची पेरं फुगलेली, तळव्याच्या कडेला घट्टे, अंगठ्यावर दोराने कापल्याची खूण, एक नख काळंनिळं.

नगरप्रमुख उठला. "हे कुणाचे हात? सरखेलाचे हात असे असतात?"

"समोर होते ते काढले," म्हातारी म्हणाली.

"मग आजच्या आज त्यांवर लोखंडी हातमोजे रंगव. नाहीतर या नगरात तुला पुन्हा काम मिळायचं नाही."

सरखेलाचाही चेहरा लाल झाला होता. तो तावातावाने चित्राजवळ गेला. रागाच्या भरात त्याने बोट रोखलं, तर त्याचा स्वतःचा हात त्या रंगवलेल्या हाताशेजारी आला. गोरा, मऊ, अंगठी घातलेला.

आणि त्याला लढाईनंतरची एक गोष्ट आठवली. गलबतावरून उतरताना वल्ह्यांच्या मुठी त्याला लाल दिसल्या होत्या. रक्ताने लाल. तेव्हा तो एवढंच म्हणाला होता, "धुऊन घ्या, मिरवणूक येतेय." त्या दिवशी वारा पडला होता. मग गलबत हललं कसं, हा प्रश्न त्याला आज पहिल्यांदा पडला.

तो वळला तेव्हा त्याची मान खाली होती.

"हातमोजे नकोत," तो म्हणाला. "आता माझं मागणं ऐका."

मुलगा सावरून बसला. सरखेलाने त्याच्याकडे पाहिलं, आणि ते पाहणं सोपं नव्हतं.

"माझ्या गलबतावरच्या सगळ्या वल्हेकऱ्यांच्या बेड्या तोडा. त्यांना घरी जाऊ द्या."

"अहो, मागणं एकच मागायचं असतं," नगरप्रमुख कुरकुरला. "इतक्या माणसांचं कसं मागता?"

"गलबत एकच होतं," सरखेल म्हणाला.

नगरप्रमुखाने बेड्या तोडायचा हुकूम दिला. सरखेल दाराशी गेला आणि त्याने सगळ्यांदेखत वल्हेकऱ्याचे दोन्ही हात आपल्या हातांत घेतले. वल्हेकरी सवयीने आभार मानू लागला. "नाही," सरखेल म्हणाला. "आज मी मानायचे आहेत. फार उशीर झाला मला."

वल्हेकरी त्याच दिवशी घरी निघाला. लेकीने त्याला ओळखलं नाही, ती आईच्या मागे लपली. ओळख व्हायला वेळ लागला, पण आता वेळ त्याच्याकडे होता. सरखेलाचा मुलगा काही दिवस रुसला आणि मग साधा खलाशी म्हणून आरमारात शिरला. पुढे तो सरखेल झाला की नाही ते मला ठाऊक नाही.

एवढं मात्र ठाऊक आहे, की त्या नगरात तेव्हापासून एक नवी रीत पडली. जिंकून आलेला सरखेल आधी खाली वल्हेकऱ्यांत जातो, बाकाबाकावरच्या माणसाचा हात हातात घेतो, आणि मगच मिरवणुकीसाठी बाहेर येतो. तोवर काठावर एकही घंटा वाजत नाही.

बोध: ज्या हातांनी आपल्याला यश मिळवून दिलं, त्यांचे आभार मानल्याशिवाय ते यश आपलं म्हणू नये.