तांब्याची राजकन्या आणि जांभळी आंबुशी

एका राज्यात धीरकेतू नावाचा राजा होता, आणि त्याची बाग त्याच्याहून प्रसिद्ध होती. बाग राखीत होती गोजरा माळीण. तिच्या खुरप्याचा दरारा असा, की तण उगवण्याआधी दोनदा विचार करी. राजकन्या सुवेणी तिच्याच कडेवर वाढलेली. गोजराला स्वतःचं मूल नव्हतं, आणि सुवेणी असताना त्याची उणीव तिला कधी भासली नाही.

सुवेणीला सोळावं लागलं, तेव्हा उग्रतुंड मांत्रिकाने सात डोंगरांपलीकडून भेट आणली आणि बागेत लावली. जांभळ्या पानांची आंबुशी होती ती. एका देठाला तीन पानं, आणि चव चिंचेहून आंबट. कुणाला काही न सांगता तो निघून गेला, मांत्रिकांची रीतच ती. सकाळी गोजराने वाफा पाहिला. आंबुशी म्हणजे तण, हे तिच्या घराण्यात सात पिढ्या ठरलेलं. तिने रोप कंदासकट उपटलं आणि चुलीत टाकलं.

तिसऱ्या दिवशी मांत्रिक परतला.

"राजा," तो गरजला, "तुझ्या घरी तण आणि रोप यांतला फरक कळत नाही. मग मुलगी आणि भांडं यांतला तरी कशाला कळावा?"

त्याने बोट उचललं, आणि झोपाळ्यावर बसलेली सुवेणी तांब्याची झाली.

"पायापासून हिरवा गंज चढेल. वर्षभरात कपाळाला भिडला, की ती कायमची तांब्याची. उपटलं ज्या हाताने, त्याच हाताने तीन कामं करावीत. माझ्या गुहेतून कंद आणावा. तो रुजवावा. तिसरं काम वेळ आली की कळेल. गंज उतरेल तो दुसऱ्या बहराच्या पानांनी. पहिल्याला हात लावायचा नाही."

राजा झोपाळ्याकडे धावला. गोजराने पदर खोचला. "उपटलं मी, महाराज. लावीनही मीच."

सात डोंगर ओलांडून ती गुहेशी पोचली. दारात टिटवी राखण करीत होती.

"आत सोन्याचे रांजण आहेत," टिटवी म्हणाली. "हात लावेल तो तांब्याचा होतो. ते पन्नास जण उभे आहेत बघ."

"सोनं राहू दे. माती कुठे आहे ते सांग."

टिटवी चकित झाली. इतक्या वर्षांत हे कुणी विचारलं नव्हतं. तिने रांजणांमागची ओली कपार दाखवली. तिथे सुपारीएवढा कंद मिळाला. टिटवीला ही बाई इतकी आवडली, की राखण सोडून ती बरोबर आली.

"दोन बोटं खोल लाव," टिटवीने सांगितलं. "सकाळचं कोवळं ऊन, दुपारी सावली. ओल हवी, चिखल नको."

गोजराने विहिरीजवळ भिंतीच्या पूर्वेला वाफा केला, मातीत वाळू आणि कुजलेला पाला मिसळला. पंधरवड्यात जांभळे कोंब वर आले. संध्याकाळी पानं मिटली तशी राजाची गाळण उडाली.

"गोजरा, रोप मेलं!"

"झोपलंय, महाराज. उजाडलं की उठेल." आणि ते उठलं. पुढे गुलाबी फुलंही आली.

मग उन्हाळा लागला. पानं पिवळी पडली, देठ लोळले, आणि एका सकाळी वाफ्यात नुसती माती उरली. गंज सुवेणीच्या हनुवटीवर पोचला होता. राजा स्वतः खुरपं घेऊन आला. त्याचे डोळे सुजले होते.

"गेलं ते. उकरून टाक, दुसरा कंद आण."

गोजराचा हात शिवशिवला. वाळलेलं उपटायचं, हेच तर ती जन्मभर करीत आली होती. पण चुकले तर आपली पोर जाईल, हेही ती जाणून होती. तिने टिटवीकडे पाहिलं.

"तिसरं काम हेच," टिटवी म्हणाली. "काही करायचं नाही. पाणीही नाही. कंद झोपलाय."

गोजराने राजाच्या हातातलं खुरपं घेतलं आणि विहिरीत टाकलं. "महाराज, पानं झोपतात हे आपण पाहिलंत. आता अख्खं झाड झोपलंय. याला मी उठवणार नाही, आणि कुणाला उठवूही देणार नाही."

गंज ओठांवर आला, नाकावर आला. गोजरा वाफ्याशी बसून राहिली. तो भुवयांना टेकला त्या दिवशी हवा गार झाली आणि मातीला तडा गेला. एक कोंब, मग वीस, मग वाफाभर जांभळी पानं! आता कुठे तिने पाणी शिंपडलं.

ओंजळभर पानं चुरून तिने सुवेणीला कपाळापासून घासायला घेतलं, देवघरातलं ताम्हण घासावं तशी. गंज गेला, तांबं लखलखलं, आणि तांब्याखालून ऊब आली. रस ओठांवर ओघळला.

"आंबट!" सुवेणी म्हणाली, आणि गोजरा हुंदके देऊन रडली.

उरलेल्या पानांनी गुहेतले पन्नास जण मोकळे झाले. उग्रतुंड आला आणि आंबुशीची चटणी दोनदा मागून जेवला. राजाने गोजराला चांदीच्या मुठीचं खुरपं दिलं.

ते खुरपं ती रोज कमरेला लावते. पण अनोळखी कोंब दिसला, की आधी मातीत बसते, सुवेणीला हाक मारते, आणि दोघी मिळून त्या कोंबाला विचारतात, "बाळा, तू कोण?"