येतो म्हणून गेलेल्यांचं दार

एक होता राजा, कवडगडाचा. त्याला लढाईची भारी हौस. लढाई म्हणजे तुतारी, जरीचा फेटा आणि नाचरा घोडा, असं त्याला वाटायचं. कारण लढाई तो लांबच्या टेकडीवरून बघायचा, छत्रीखाली बसून, बरं का.

गडाच्या दारावर राखणीला होती गोजरा. तिचा धाकटा भाऊ शिदू. एकदा गडावरचे शंभर जण लढाईला निघाले. गोजराने एकेकाला ओवाळलं. एकेक जण उंबऱ्यावर थांबून म्हणाला, "येतो गं ताई." शिदूही तसंच म्हणाला.

मग राजा जिंकून आला. ढोल वाजले, गुलाल उडाला. राजा म्हणाला, "दार लावा, पंगती बसवा." पण दार लागेचना. मग लोहाराने बिजागऱ्यांना तेल घातलं. हललं नाही. मग हत्तीने ढकललं. हललं नाही. मग राजाने स्वतः खांदा लावला. तरी नाहीच.

गोजरा म्हणाली, "महाराज, दार धड आहे. शंभर जण 'येतो' म्हणून गेले, साठच आले. ते वाट बघतंय."

"लढाईत माणसं पडायचीच," राजा म्हणाला.

"तुम्ही नेलंत, तुम्हीच आणा."

कुणाची मान वर होईना, फक्त गोजराची ताठ. मग राजा पायीच निघाला तिच्या मागे.

रणात तुतारी नव्हती. माशा घोंगावत होत्या. जरीचे फेटे चिखलात पडले होते. कुणी "आई, पाणी" म्हणून कण्हत होतं, आणि तो होता शत्रूकडचा पोरगा. राजा खाली बसायला लागला.

"आधी पाणी पाजा," गोजरा म्हणाली. "बसायचं मग."

राजाने त्याला पाणी पाजलं.

पुढे बाभळीखाली शिदू सापडला. जिवंत होता, पण एक पाय गेला होता. राजाने त्याला पाठुंगळी घेतलं.

शिदू म्हणाला, "गोजरे, किती गं उशीर. आणि हा हमाल कुठनं आणलास?"

"गप. महाराज आहेत ते."

"असू दे," राजा धापा टाकत म्हणाला. "आज हमालच आहे."

बाकीचे एकोणचाळीस जण उठणारे नव्हते. त्यांना तिथंच अग्नी दिला आणि त्यांचे फेटे घेऊन ते गडावर परतले. गोजरा एकेकाचं नाव सांगायची. राजा फेटा उंबऱ्यावर ठेवून म्हणायचा, "आला." एकही नाव त्याने सोडलं नाही.

आणि मग दार आपलं आपण लागलं. कर्र नाही की कुर्र नाही.

पुढच्या वर्षी शेजारच्या राजाने लढाईची हाक दिली. आपला राजा तलवार ठेवून एकटाच निघाला. उंबऱ्यावर थांबून म्हणाला, "येतो गोजराताई." बोलून भांडण मिटवलं आणि दिवस मावळायच्या आत परत आला. कुबडी टेकून दारात उभा असलेला शिदू सगळ्या गडाला ऐकू जाईल असं म्हणाला, "आला."

मग सगळी सुखाने राहिली. म्हणून आपण घरातून निघताना 'जातो' म्हणत नाही, 'येतो' म्हणतो. तुमचे बाबाही तसंच म्हणून गेलेत ना? मग मिटा डोळे. दार मी नुसतं लोटलंय. कडी ते आल्यावर घालू.