महाराजांनी काकण भरून घेतले

बालाघाटच्या डोंगरात कासारदरी नावाचे गाव आहे. गावाच्या वरच्या अंगाला, जिथे गाडीवाट संपून पायवाट सुरू होते, तिथे केरोबा महाराजांचा मठ होता. मठ म्हणजे काय, तर पत्र्याची एक लांब पडवी, एक धुनी आणि पाण्याचे दोन रांजण. महाराज तरुणपणी विहिरी खोदायचे. खडकावर घण घालणारे हात ते. देवाने पुढे त्यांना आपल्याकडे ओढून घेतले, पण हात तसेच राहिले, एकेक पंजा फावड्याएवढा. चातुर्मासात महाराज मठाचा उंबरा ओलांडत नसत. चार महिने म्हणजे चार महिने, गावात कोणाचे काही होवो. भाविकहो, एवढे ध्यानात असू द्या.

त्याच गावात अनसूयाबाई कासार राहायच्या. सगळे त्यांना अनसाबाई म्हणत. श्रावण लागला की काकणांची पेटी डोक्यावर घेऊन त्या घरोघर फिरायच्या. बोलणे कमी, हात मात्र असा की, तान्ह्या लेकरालाही काकण चढलेले कळू नये. त्यांची थोरली बहीण वेणूबाई छातीच्या गाठीने गेली. लाजेपायी तिने दोन वर्षे कोणाला सांगितले नाही, आणि सांगितले तेव्हा डॉक्टरांच्या हाती काही उरले नव्हते. तेव्हापासून डॉक्टरीणबाईंनी अनसाबाईंना बजावले होते की, बाई, तुम्ही दरवर्षी तपासून घ्यायचे, यात हयगय नको.

तालुक्याच्या दवाखान्याची एक मोठी गाडी दर श्रावणात गावात यायची. तिच्यात बायकांच्या छातीचा फोटो काढायचे यंत्र होते. दोन पाट्यांमध्ये स्तन धरून दाबतात, क्षणभर कळ येते आणि फोटो निघतो. ही गोष्ट घडली त्याच्या आदल्या वर्षी अनसाबाई त्या गाडीत चढल्या आणि त्यांनी एक चूक केली. आपल्याकडे बायकांना लहानपणापासून शिकवलेलेच असते की, दुखले तरी आवाज काढायचा नाही. त्यांनी पदराचा बोळा तोंडात धरला, दम कोंडला आणि अंग लाकडासारखे ताठ केले. पाटी खाली आली तशी जी कळ उठली, ती काही त्यांना सोसली नाही. शाळेच्या मैदानापर्यंत ऐकू जाईल अशा किंचाळल्या, हिसका देऊन सुटल्या आणि पोलक्याचे हूक उलटसुलट लावून पायऱ्या उतरल्या.

पायरीशी खुर्ची टाकून सगुणाबाई पाटील बसल्या होत्या. सरपंचांची आई. गावात गाडी येते ती आमच्यामुळे, हे त्या दर वर्षी सर्वांना ऐकवायच्या. स्वतः मात्र कधी गाडीत चढल्या नाहीत.

"जगाचे हात पिळून काकणं चढवतीस, अन् सोताला चिमटा बसला की पळतीस व्हय गं अनसे?" सगुणाबाई म्हणाल्या. "माझी पाच बाळंतपणं घरात झाली. भिंतीपल्याड आवाज गेला न्हाई."

बायका हसल्या. हसल्या खऱ्या, पण घाबरल्याही. त्या वर्षी चाळीस जणींची नावे होती, त्यांतल्या नऊच चढल्या.

आता जे सांगतो ते त्या वेळी गावात कोणालाच ठाऊक नव्हते. पुढच्या संक्रांतीला न्हाताना सगुणाबाईंच्या हाताला डाव्या बाजूला वाटाण्याएवढी गाठ लागली. मुलाला नाही, सुनेला नाही, कोणाला म्हणून त्यांनी सांगितले नाही. रोज न्हाताना चाचपून बघायच्या आणि बाहेर येऊन चारचौघांत दुप्पट मोठ्याने हसायच्या. असे सात महिने गेले, आणि गाठ काही विरली नाही.

गाडी येण्याच्या आदल्या दिवशी गुरुवार होता. पडवी भरली होती. अनसाबाई पेटी बाजूला ठेवून महाराजांच्या पायांशी बसल्या.

"महाराज, उद्या गाडी येती. माझं दुखणं तेवढं तुमी घ्या. न्हाई तर जाऊ नको म्हणा, म्हंजे सुटले."

सगुणाबाई पुढच्याच ओळीत होत्या. "महाराज, हिला ताईत बांधा," त्या म्हणाल्या, "अन् गाडीवाल्यांना निरोप धाडा, मशीन कापसाचं करा म्हणावं."

पडवीत हशा पिकला. महाराज हसले नाहीत. ते अनसाबाईंना म्हणाले, "पेटी आणलीस ना? मग मला एक काकण भर."

हशा तिथल्या तिथे थांबला. सगुणाबाईंना मात्र राहवले नाही. "महाराज, बांगड्या भरल्यात का, असं आमी गड्याला हिणवायला म्हणतो. तुमी तर खरंच भराय लागलात."

"तुमच्या घरात हिणवायला दुसरं काही नाही का, सगुणाबाई?" एवढेच महाराज म्हणाले आणि त्यांनी पेटीतून एक हिरवे काकण उचलले. सव्वादोनचे. दहाबारा वर्षांच्या पोरीला व्हावे असे.

"न्हाई जायचं, महाराज," अनसाबाई म्हणाल्या. "अडीचचं बी न्हाई जायचं ह्या हाताला. काच हाय. फुटंल, रुतंल."

"तू भर."

अनसाबाईंनी हात धरला. महाराजांनी तो मुद्दाम ताठ केला होता. काकण बोटांवरून सरकले आणि मुठीच्या हाडांशी अडकले. कातडी पांढरी पडली, मग लाल झाली. काचेच्या कडेला रक्ताचा एक थेंब दिसला.

"दुखतंय का, महाराज?"

"दुखतंय," महाराज म्हणाले. ऊन पडलंय म्हणावे तसे म्हणाले.

आणि अनसाबाई समोर कोण बसले आहे हे विसरल्या. तीस वर्षे ज्या बोलीत बायकांशी बोलल्या त्याच बोलीत त्या म्हणाल्या, "मग हात असा ताठ कामून धरलाय? ताठला की हाडं वर येत्यात अन् जास्त लागतं. खांद्यापसून सैल सोडा. दम कोंडू नका. सोडा. हळूहळू सोडा."

महाराजांनी लांब श्वास सोडला. आणि काय सांगावे, सव्वादोनचे ते काकण त्या फावड्याएवढ्या पंजावरून सरकून मनगटात जाऊन बसले! लोकांनी हात जोडले. सगुणाबाई शेजारणीला म्हणाल्या, "हातचलाखी." पण आवाजात नेहमीचा जोर नव्हता.

महाराज म्हणाले, "अनसूये, तुझं दुखणं मी घेणार नाही. दुखेल. थोडा वेळ दुखेल. दुखलं की दुखतंय असं त्या बाईला सांगायचं, त्यात लाज कसली? पदर तोंडात धरायचा नाही. आत्ता मला जे सांगितलंस, तेच स्वतःला सांग." मग खाली वाकून, फक्त त्यांनाच ऐकू जाईल असे म्हणाले, "आणि तुझं झालं की लगेच उतरू नकोस. तुझ्यामागं जी येईल, तिचा हात धर. तिच्या जिवावर बेतलंय."

ती कोण, हे अनसाबाईंना काही उमगले नाही. विचारायचा धीरही झाला नाही.

दुसऱ्या दिवशी गाडी शाळेच्या मैदानात उभी राहिली. भिंतीला लागून तेवीस बायका बसल्या होत्या. पहिली जायला एकही तयार नव्हती. सगुणाबाई पायरीशी, खुर्चीत. अनसाबाई त्यांच्याकडे न बघता चढल्या.

आत रेश्मा सिस्टर होत्या, गेल्या वर्षीच्याच. त्यांनी ओळखले. "मावशी, आपल्याला घाई नाही. जास्त वाटलं तर थांब म्हणा, मी थांबते. दोन्ही बाजूंचे दोन-दोन, चार फोटो. एकेकाला थोडेच सेकंद लागतात."

पाटी गार होती. ती खाली आली तसे अनसाबाईंचे दात आपोआप आवळले गेले, हात पदराकडे गेला. तो त्यांनी मागे घेतला.

"दुखतंय, बाई," त्या म्हणाल्या.

"खूप?"

"लई न्हाई. पर दुखतंय."

"अजून थोडं दाबू का? मग फोटो चांगला येईल."

अनसाबाईंनी खांदा सैल सोडला. दम सोडला. "दाब," म्हणाल्या. कळ आली, सेकंदभर सगळे अंग तिनेच भरले, आणि गेली. असे चार वेळा झाले. बाहेर बायका किंकाळीची वाट बघत कान देऊन बसल्या होत्या. किंकाळी आली नाही.

महाराजांचे सांगणे आठवून अनसाबाई खाली उतरल्या नाहीत. दारात उभ्या राहून त्यांनी विचारले, "आता कोण येतंय?"

कोणी हलेना. मग मागून कोणीतरी म्हणाले, "पाटलीणबाई, तुमीच जावा की. तुमाला कुठं दुखतंय."

सगुणाबाई काहीतरी झणझणीत बोलणार होत्या. तोंड उघडले आणि तसेच राहिले. अगदी कानाशी आवाज आला होता, "सगुणा, संक्रांतीपासून लपवलंयस ते आज दाखव."

त्यांनी वळून पाहिले. मागे शाळेची भिंत होती, दुसरे काही नाही. आवाज महाराजांचा होता, आणि महाराज तर वर मठात होते. सगुणाबाई उठल्या आणि पायऱ्या चढल्या. बायकांना वाटले, मानाखातर चढल्या.

आत गेल्यावर त्यांनी सिस्टरना काही सांगितले नाही. सांगावे लागलेच नाही. सिस्टरचा हात एका जागी थांबला.

"मावशी, ही गाठ कधीपासून आहे?"

 मग सगुणाबाई जमिनीकडे बघत म्हणाल्या, "सात महिनं."

अनसाबाईंनी ते ऐकले. वेणूबाई त्यांच्या डोळ्यांपुढे उभी राहिली, आणि महाराजांनी कोणाचा हात धरायला सांगितला तेही कळले.

सगुणाबाईंनी पदराचा बोळा तोंडात धरला. पाच बाळंतपणांची सवय ती. दम कोंडला, अंग ताठले. पाटी दाबली तशा त्या हलल्या आणि फोटो हलला. दुसऱ्यांदाही तेच झाले. त्यांना घेरी आली. सिस्टरनी स्टूल दिले, पाणी दिले आणि म्हणाल्या, "परत घ्यावा लागेल, मावशी. ह्याच बाजूचा नीट आला पाहिजे."

"नगं. मी जाते. मला न्हाई जमायचं." सगुणाबाईंचे हात पोलक्याकडे गेले.

भाविकहो, सगळे इथे येऊन अडले होते. ती बाई त्या वेळी खाली उतरली असती, तर तिच्या स्वभावाप्रमाणे पुन्हा कधी चढली नसती. वेणूबाई गेली त्या वाटेने गेली असती.

अनसाबाई दारात आडव्या उभ्या राहिल्या. मग पुढे होऊन त्यांनी सगुणाबाईंचा हात घेतला. तीस वर्षे त्या हातात त्यांनी काकणे भरली होती, पण खालच्या पायरीवर बसून. आज बरोबरीने उभ्या होत्या. पुन्हा तोंडाकडे निघालेला त्यांचा पदर तिने हळूच बाजूला केला.

"पाटलीणबाई, दुखतंय म्हणा."

सगुणाबाईंनी नाही म्हणून मान हलवली.

"म्हणा. कोण ऐकतंय इथं? आपुन तिघीच तर हाओत."

"दुखतंय गं अनसे," सगुणाबाई म्हणाल्या, आणि साठ वर्षांत पहिल्यांदा दुसऱ्या माणसादेखत रडल्या. "लई भ्या वाटतंय."

"वाटू द्या. खांदा सैल सोडा. दम सोडा. मी हाय."

सिस्टरनी पुन्हा पाट्या लावल्या. पण फोटोच्या वेळी यंत्रापाशी दुसरे कोणी चालत नाही, म्हणून ज्या जाड काचेमागे उभ्या राहून त्या फोटो काढत, तिथे त्यांनी अनसाबाईंना बोलावले. हात सोडावा लागला. मोकळा हात हवेत चाचपडू लागला, खांदा पुन्हा वर चढू लागला. काचेमागे अनसाबाईंना वाटले, आता ही सुटणार.

आणि सगुणाबाईंच्या हातात हात आला.

हनुवटी वर धरलेली, खाली बघता येत नव्हते. त्यांनी तो हात आवळला, नखे रुतेपर्यंत आवळला. तळवा खडकासारखा खरबरीत होता. अनसाबाईंचा नव्हता. सगुणाबाईंची बोटे वर मनगटापर्यंत गेली, तिथे एक लहानसे काचेचे काकण लागले. "सोड, सगुणा," कानाशी आवाज आला, "दम सोड." त्यांनी सोडला. यंत्र वाजले, पाट्या उघडल्या. बाजूला कोणी नव्हते.

"अनसे, हात तर तूच धरला व्हतास न्हवं?"

"न्हाई, पाटलीणबाई. मी सिस्टरपाशी काचेमागं व्हते."

मठात त्याच वेळी भजन चालले होते. महाराज मधेच थांबले, उजवी मूठ घट्ट मिटून डोळे मिटून बसले, आणि थोड्या वेळाने त्यांनी भजन पुढे चालू केले. जवळ बसलेल्यांनी पाहिले, त्यांच्या हाताच्या पाठीवर नखांच्या चार ताज्या खुणा उमटल्या होत्या. दुखणे घेणार नाही म्हणणारे आमचे महाराज!

त्या दिवशी भिंतीजवळच्या सगळ्या बायका गाडीत चढून आल्या. अनसाबाईंचे फोटो चांगले निघाले. सगुणाबाईंना शहरातल्या मोठ्या दवाखान्यात न्यावे लागले, ऑपरेशन झाले, कित्येक महिने औषधे चालली. डॉक्टरांनी मुलाला सांगितले की, वेळेत आणलेत, आणखी उशीर झाला असता तर हमी देता आली नसती.

पुढच्या चैत्रात एका गुरुवारी सगुणाबाई मठात आल्या. अंगाने निम्म्या झालेल्या, डोक्यावर केस नव्हते म्हणून पदर कपाळापर्यंत ओढलेला. पडवी भरलेली होती. त्या महाराजांच्या पायांवर वाकल्या. महाराजांनी पाय आखडून घेतले.

"मी काय केलं, सगुणाबाई? मी तर तेव्हा उंबराही ओलांडला नव्हता," ते म्हणाले आणि पडवीच्या दुसऱ्या टोकाला पाहू लागले. तिथे अनसाबाई एका नव्या नवरीला काकणे भरत बसल्या होत्या.

सगुणाबाईंना समजले. सगळ्या गावादेखत ती लांब पडवी त्या चालत गेल्या, गुडघ्यांवर बसल्या आणि त्यांनी कासारणीच्या पायांवर डोके ठेवले.

"मी हसले व्हते गं तुला," त्या म्हणाल्या.

अनसाबाई गडबडून गेल्या. "आवं, हे काय, पाटलीणबाई? उठा. लोकं बघत्यात."

त्यांनी पाय मागे घ्यायला पाहिले. सगुणाबाईंनी ते दोन्ही हातांनी धरून ठेवले.